बालगृहातलं मूल घरी पोहोचावं म्हणून: फाईलच्या पाठपुराव्याची सविस्तर पद्धत

बालगृहात राहणारं प्रत्येक मूल अनाथ नसतं. कुणाची आई हयात असते, कुणाचे वडील ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेले असतात, कुणाची आजी गावी एकटी असते. तरीही मूल दुसरीत असताना संस्थेत येतं आणि दहावी होऊनच बाहेर पडतं. मधल्या वर्षांत त्याला कुणी मुद्दाम अडवून ठेवलेलं नसतं. पोलिसांचा अहवाल आलेला नसतो, गृहभेट राहिलेली असते, अधीक्षक बदललेले असतात, मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीची मुदत संपून नवी समिती यायची असते. फाईल थांबते आणि फाईलबरोबर मूलही.

ही फाईल हलवण्याचं काम संस्थेतले सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक, विधी स्वयंसेवक आणि मुलांसाठी वेळ देणारे नागरिक करू शकतात. त्यासाठी लागतात तारखा, कागद आणि चिकाटी. खालची पद्धत महाराष्ट्रातल्या यंत्रणेला धरून आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा केंद्राचा कायदा असल्याने गोव्यातही मूळ चौकट तीच राहते, मात्र राज्याच्या योजना आणि रकमा वेगळ्या असतात.

आधी स्वतःची जागा पक्की करा

मुलाच्या फाईलला हात लावण्याआधी तुम्हाला तो अधिकार कुठून मिळतो हे ठरवा. कायदा आणि त्याखालच्या नियमांनुसार मुलाची सामाजिक तपासणी (घर, कुटुंब आणि परिस्थितीची चौकशी) समाजकार्यकर्ता, केसवर्कर, बाल कल्याण अधिकारी किंवा मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्था यांच्याकडून करून घेता येते. म्हणून तुमच्या संस्थेचं पत्र, पोलीस पडताळणी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची (पुढे ‘कक्ष’) लेखी संमती एवढं हातात घेऊनच समितीपुढे उभे राहा. समितीने एखाद्या मुलाची तपासणी तुमच्याकडे सोपवली, तर तो आदेश लेखी मागून घ्या. तोंडी ‘बघा तुम्ही’ एवढ्यावर गावाला जाऊ नका. पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीत कुणी उभं करणार नाही.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. कलम ७४ नुसार मुलाचं नाव, फोटो, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हॉट्सॲपवरचा गटही याला अपवाद नाही. ‘या बाळाला आई-वडील हवे आहेत’ असे फिरणारे संदेश कितीही चांगल्या मनाने पाठवलेले असले तरी ते मुलाला धोक्यात टाकतात आणि बेकायदा दत्तकाला वाट करून देतात. आपसातल्या नोंदींतही नावाऐवजी नोंदणी क्रमांक वापरा.

एक तक्ता, सगळी मुलं

एका मुलासाठी धावण्याआधी संस्थेतल्या सगळ्या मुलांचा एक तक्ता करा. अधीक्षकांना आणि कक्षाला तो हवाच असतो, फक्त बसून करायला माणूस मिळत नाही. ते काम तुम्ही अंगावर घेतलंत की दारं उघडतात. रकाने एवढेच ठेवा: नोंदणी क्रमांक, वय, समितीपुढे पहिल्यांदा हजर केल्याची तारीख, सामाजिक तपासणी अहवालाची तारीख, समितीचा शेवटचा आदेश आणि तो कधीपर्यंतचा, शेवटचं भेटायला कोण आलं आणि कधी, भावंडं कुठे आहेत, काळजी आराखडा (मुलाच्या काळजीची आणि पुनर्वसनाची लेखी योजना) शेवटचा कधी बदलला, पुढचं पाऊल काय, ते कुणाच्या टेबलावर आहे.

भेटीचा रकाना संस्थेच्या भेट नोंदवहीवरून भरा, कर्मचाऱ्यांच्या आठवणीवरून नको. ‘आई येते अधूनमधून’ असं सगळे सांगतात आणि नोंदवहीत शेवटची सही दोन वर्षांपूर्वीची निघते. उलटही होतं. ‘हिचं कुणी नाही’ म्हणतात आणि दर आषाढात मामाची सही दिसते. फोन आले असतील तर त्यांचीही नोंद शोधा.

तक्ता भरला की तीन प्रकारची मुलं लगेच वेगळी दिसतात: वर्षभरात कुणीही भेटायला न आलेली, आदेशाची मुदत उलटून गेलेली, आणि सोळा पूर्ण झालेली. सुरुवात या तिघांपासून करा. पहिल्या गटाकडे पाहण्याचं आणखी एक कारण आहे. अनाथ, सोडून दिलेल्या आणि आई-वडिलांनी समितीच्या स्वाधीन केलेल्या मुलांचा संस्थांमध्ये दर दोन महिन्यांनी शोध घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यांना दिला. तुमचा तक्ता त्या मोहिमेत थेट वापरता येतो, हे कक्षाला सांगा.

फाईल कशी वाचायची

कायद्याने काही मुदती ठरवून दिल्या आहेत आणि पाठपुराव्याची सगळी ताकद त्यांच्यात आहे. मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, समितीपुढे हजर झालं पाहिजे. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवा. समितीची बैठक महिन्यातून किमान २० दिवस भरली पाहिजे. समितीने प्रलंबित प्रकरणांचा अहवाल दर तीन महिन्यांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना द्यायचा असतो. प्रत्येक फाईलमध्ये या तारखा पेन्सिलने समासात लिहा. कुठे घोडं अडलंय ते पाच मिनिटांत कळतं.

नंतर सामाजिक तपासणी अहवाल वाचा. केंद्राच्या आदर्श नियमांत हा नमुना २२ आणि व्यक्तिगत काळजी आराखडा नमुना ७ आहे. अहवालात बहुधा एक ओळ सापडते: ‘घरची परिस्थिती हलाखीची असल्याने बालकास संस्थेत ठेवणे योग्य.’ या ओळीवर समितीला काहीच ठरवता येत नाही, म्हणून ती मुदतवाढ देते. गरिबी हे मुलाला घरापासून तोडायचं कारण असू शकत नाही. कायद्याच्या कलम ३ मधली तत्त्वं सांगतात की संस्था हा अगदी शेवटचा पर्याय आहे.

त्या ओळीच्या जागी काय हवं ते पाहा: ‘आई बिगारी काम करते, महिन्यातले साधारण पंधरा दिवस काम मिळते. खोली भाड्याची, दार बंद होते, शौचालय सार्वजनिक. घरात अन्य प्रौढ नाही. शेजारी राहणारी मावशी दुपारी मुलीला सांभाळायला तयार, तिच्याशी समक्ष बोलणे झाले. शाळा चालत दहा मिनिटांवर. मुलीची घरी जाण्याची इच्छा. अडचण: सकाळी सहा ते आठ मुलगी एकटी राहील. उपाय: आईची कामाची वेळ बदलणे किंवा मावशीकडे सकाळीही सोडणे.’ असा अहवाल वाचून समिती त्याच दिवशी निर्णय घेऊ शकते. अडचण लपवू नका, तिच्यासमोर उपाय लिहा.

मूल काय म्हणतं

मुलाशी बोलणं हा पाठपुराव्याचा गाभा आहे आणि घाईत तेच राहून जातं. ‘तुला घरी जायचंय का?’ हा प्रश्न विचारू नका. मूल समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देतं. ‘दिवाळीला कुणाकडे असायचास? आजारी पडलास तर डोक्यावर हात कोण ठेवायचं? घरात कुणाची भीती वाटायची?’ असं विचारलं की माणसं बाहेर येतात. एका बैठकीत संपवू नका, दोन-तीनदा भेटा. त्यातली एक भेट तरी कर्मचारी समोर नसताना, पण दाराला काच असलेल्या किंवा उघड्या जागेत घ्या.

पत्ता नसलेल्या मुलांच्या बाबतीत गावाचं नाव विचारून हाती काही लागत नाही. गावची जत्रा कोणत्या देवाची, एसटी कुठल्या स्टँडवरून मिळायची, जवळ साखर कारखाना होता का, नदीवर पूल होता की होडी, शाळेच्या भिंतीवर काय रंगवलं होतं, आजीला काय म्हणून हाक मारायचे, घरात कोणती भाषा बोलायचे, हे विचारा. मूल म्हणालं, ‘आमच्याकडे देवाला भंडारा उधळायचे आणि शाळेमागे कारखान्याची चिमणी दिसायची,’ तर शोध अख्ख्या राज्यावरून दोन-तीन तालुक्यांवर येतो. मग त्या भागातले पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, सरपंच यांना फोन करा. गाव बाल संरक्षण समिती कागदावर असो की कामाची, अंगणवाडी सेविकेला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं.

पहिला मार्ग: स्वतःचं घर, मग नातेवाईक

कायद्याने बालगृहाचं पहिलं उद्दिष्ट मुलाला कुटुंबात परत पोहोचवणं हेच ठरवलं आहे. म्हणून दत्तक किंवा प्रतिपालकत्व (दुसऱ्या कुटुंबाने दत्तक न घेता मूल सांभाळणं) याआधी घराचा मार्ग संपवून पाहा.

नातेवाईकांचा तक्ता काढताना वडिलांकडची माणसं फाईलमध्ये असतात, कारण आडनाव त्यांचं असतं. आईच्या माहेरचं कुणी नसतं. तिथेच शोधा. कायद्यातल्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. या मंडळींना मूल दत्तकही घेता येतं, किंवा दत्तक न घेता समितीच्या आदेशाने सांभाळता येतं. आईच्या मृत्यूनंतर मूल संस्थेत आलं असेल तर आईचं लग्नाआधीचं नाव आणि माहेरचं गाव हा तुमचा सगळ्यात कामाचा धागा आहे. तो मृत्यू दाखल्यात, रुग्णालयाच्या कागदात किंवा रेशनकार्डाच्या जुन्या नोंदीत सापडतो.

घरी पाठवण्याआधी पैशाची सोय लावा. हे उलट क्रमाने केलं की मूल सहा महिन्यांत परत येतं, आणि दुसऱ्यांदा आलेल्या मुलाचा घरावरचा विश्वास उडालेला असतो. दोन योजना हाताशी आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतलं प्रायोजकत्व (मूल कुटुंबात राहावं म्हणून दिली जाणारी मदत) दरमहा ४,००० रुपये देतं. त्याची वार्षिक उत्पन्न मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये आहे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते. मुलाला यातली कोणती बसते हे कक्षातल्या संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा.

बालसंगोपनाच्या अर्जाला सहसा लागणारे कागद आधीच गोळा करा: मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आई किंवा वडील वारले असतील तर मृत्यू दाखला, बँक पासबुकाची प्रत आणि पालकासोबत घरासमोर काढलेला मुलाचा फोटो. अर्ज अडतो तो बहुधा दोन ठिकाणी. मुलाच्या आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. मूल संस्थेत असतानाच हे दुरुस्त करून घ्या. घरी गेल्यावर आईची मजुरी बुडते आणि काम राहून जातं.

थेट कायमचं पाठवण्याऐवजी दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी वापरा. समितीच्या परवानगीने मूल सुट्टीला घरी जाऊ द्या, मधेच एकदा न सांगता गृहभेट द्या आणि परतल्यावर मुलाशी एकट्याने बोला. सुट्टी बरी गेली तर त्याच अहवालाच्या आधारे कायमस्वरूपी पाठवण्याचा अर्ज करा. ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत काळ बघा. नोव्हेंबरच्या सुमारास पालक गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. सप्टेंबरमध्ये घरी सोडलेलं मूल दोन महिन्यांत फडावर पोहोचतं. त्या घरात आजी किंवा थोरली काकू राहणार असेल, तर पालकत्वाची जबाबदारी लेखी तिच्याशीच ठरवा.

एक सावधगिरी टाळता येणार नाही अशी आहे. लैंगिक अत्याचार किंवा मारहाणीच्या प्रकरणातला आरोपी त्या घरात राहत असेल, जामिनावर येण्याची शक्यता असेल किंवा घरचे मुलावर जबाब बदलण्याचा दबाव आणत असतील, तर घरवापसीचा विषय तिथेच थांबवा आणि नातेवाईकांच्या दुसऱ्या शाखेकडे वळा. ‘मुलाला कुटुंब हवं’ हे तत्त्व त्याला पुन्हा त्याच माणसाच्या हाती देण्यासाठी नाही.

दुसरा मार्ग: दत्तकासाठी मुक्त करणं

घरचं कुणीच नाही किंवा कुणी घेऊ शकत नाही हे कागदावर सिद्ध झालं की मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त करण्याचा, म्हणजे ते दत्तक देता येईल असं समितीने जाहीर करण्याचा, अर्ज करा. मुदत स्पष्ट आहे. सोडून दिलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत. आई-वडिलांनी समितीपुढे लेखी स्वाधीन केलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या काळात त्यांच्यावर कोणत्याही बाजूने दबाव आणू नका. मुक्त करण्याचा निर्णय समितीच्या तीन सदस्यांना घेता येतो, म्हणजे पाचही जण हजर असण्याची वाट बघायची गरज नाही.

अर्जासोबत लागतात: वर्तमानपत्रातली जाहिरात, हरवलेल्या मुलांच्या पोर्टलवरची नोंद, पोलिसांचा ‘पालक मिळून आले नाहीत’ असा अहवाल, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा कक्षाचा अहवाल आणि मुलावर कुणीही हक्क सांगितलेला नाही असं संस्थेचं निवेदन. मूल दुसऱ्या राज्यातून आलेलं असेल तर जाहिरात त्या भागातल्या भाषेत, तिथल्या वर्तमानपत्रात यायला हवी. नाशिकच्या पेपरात मराठीत आलेली जाहिरात बिहारमधल्या आईपर्यंत पोहोचत नाही, आणि पुढे कुणी हरकत घेतली तर प्रकरण इथेच कच्चं ठरतं.

सगळ्यात जास्त अडतो तो पोलिसांचा अहवाल. इथे दत्तक नियमावली, २०२२ मधली तरतूद कामाला येते. समितीने मागितलेला अहवाल एक स्मरणपत्र पाठवूनही आला नाही, तर पालक मिळून आले नाहीत असं धरून समिती पुढे जाऊ शकते. बऱ्याच ठिकाणी पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही की फाईल तशीच राहते, कारण स्मरणपत्र कुणी पाठवलेलंच नसतं. म्हणून पहिल्या पत्राची पोच जपा, मुदत संपताच स्मरणपत्र काढायला समितीला विनंती करा आणि त्या स्मरणपत्राचीही पोच फाईलला लावा. हे दोन कागद असले की फाईल पुढे सरकते.

मुक्त झाल्यावर दहा दिवसांत मुलाचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दत्तकाच्या केंद्रीय पोर्टलवर चढला पाहिजे. सहा वर्षांवरची मुलं साध्या बालगृहात असतात आणि पोर्टलवर काम करते ती विशेष दत्तक संस्था. बालगृह कोणत्याच दत्तक संस्थेशी जोडलेलं नसेल, तर मुक्त झालेलं मूलही पोर्टलवर दिसत नाही. ही जोडणी झाली आहे का, हे कक्षाला पहिल्याच भेटीत विचारा. वैद्यकीय अहवालातला ‘विकास मंद’ असा मोघम शेराही मुलाचं नुकसान करतो. काय तपासलं, काय आढळलं, उपचाराने काय सुधारलं हे डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्या.

मोठ्या मुलांना पालक मिळत नाहीत अशी समजूत धरून कुणी अर्जच करत नाही, हे खरं दुखणं आहे. आठ ते अठरा वयोगटासाठी दत्तक पालकांच्या एकत्रित वयाची मर्यादा ११० वर्षं आणि एकल पालकाची ५५ वर्षं आहे, म्हणजे चाळिशी-पन्नाशीतली जोडपी बसतात. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. त्याला आधी पुरेसा वेळ देऊन समजावून सांगा: नाव बदलेल का, गाव बदलेल का, इथल्या मित्रांना भेटता येईल का. ‘आईला विसरावं लागेल’ या भीतीने मुलं नकार देतात. ती भीती बोलून दाखवायला त्यांना जागा मिळाली तर पुष्कळांचं उत्तर बदलतं. दत्तकाचा आदेश आता जिल्हा दंडाधिकारी देतात आणि तो अर्जापासून दोन महिन्यांत व्हायला हवा.

भावंडं

बहीण मुलींच्या बालगृहात, भाऊ मुलांच्या, धाकटं बाळ दत्तक संस्थेत. तिघांच्या तीन फाईली होतात आणि एकीत दुसऱ्याचा उल्लेखही नसतो. मग धाकटं एकटंच दत्तक जातं. तुमच्या तक्त्यातल्या भावंडांच्या रकान्यावरून समितीला एकत्र अर्ज द्या: तिन्ही फाईली एका क्रमांकाखाली जोडाव्यात, निर्णय एकाच दिवशी व्हावा आणि तोवर महिन्यातून एकदा भेट घडवावी. भेटीच्या दिवशी तिघांचा एक छापील फोटो काढून प्रत्येकाच्या हातात द्या.

तिसरा मार्ग: प्रतिपालकत्व

पालक हयात आहेत पण सांभाळण्यास असमर्थ किंवा अयोग्य आहेत, वर्षानुवर्षं भेटायला येत नाहीत, किंवा मूल मुक्त होऊनही दत्तक गेलेलं नाही, अशा मुलांसाठी कलम ४४ खालचं प्रतिपालकत्व आहे. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकल व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते, आणि दोन वर्षं मूल सांभाळलेल्या कुटुंबाला, मूल कायदेशीररीत्या मुक्त झालं की, ते दत्तक घेता येतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. मिशन वात्सल्यमधून मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात.

कुटुंब पारखताना गृह अध्ययनात, म्हणजे घर आणि कुटुंबाच्या पाहणीत, हेतू तपासा. घरकामाला हात हवा, म्हाताऱ्या माणसाजवळ बसायला कुणीतरी हवं, अशा हेतूने येणारे अर्ज येतातच. मुलाला कुठे झोपवणार, शाळेनंतर घरात कोण असतं, घरातल्या मुलांना काय सांगितलंय, मूल चोरी करून खाऊ लपवू लागलं तर काय कराल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर लगेच ‘आम्ही शिस्त लावू’ असं उत्तर आलं तर आणखी दोन भेटी द्या. संस्थेतून आलेली मुलं खाऊ लपवतात, रात्री दिवा मागतात, आणि हे माहीत असलेलं घरच त्यांना पेलतं.

समितीपुढे अर्ज

तोंडी विनंती हवेत विरते. एका पानाचा अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. मजकूर असा पुरेसा आहे:

‘विषय: बालक नोंदणी क्र. … च्या पुनर्वसनाबाबत अंतिम आदेश मिळण्याबाबत. सदर बालक दि. … रोजी समितीपुढे हजर करण्यात आले. कलम ३६ नुसार चार महिन्यांची मुदत दि. … रोजी पूर्ण झाली आहे. गृहभेट दि. … रोजी झाली असून अहवाल सोबत जोडला आहे. बालकाचे मामा श्री. … बालकास सांभाळण्यास तयार असून त्यांचे संमतिपत्र व कागदपत्रे जोडली आहेत. तरी बालकास मामांकडे सोपविण्याचा, दरमहा प्रायोजकत्व मंजूर करण्याचा व सहा महिने दरमहा पाठपुरावा भेटीचा आदेश व्हावा ही विनंती.’

शेवटच्या वाक्यात नेमकं काय हवंय ते लिहा. ‘योग्य तो आदेश व्हावा’ असं लिहिलं की मुदतवाढ मिळते. निघताना पुढची तारीख विचारा आणि तक्त्यात भरा.

काम अडलं तर

पायऱ्या सोडू नका. आधी जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, मग जिल्हा महिला व बालविकास अधिकारी. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रार कलम २७ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. तिथे एका मुलाची कहाणी सांगण्यापेक्षा तक्ता न्या: इतक्या मुलांचे आदेश चार महिन्यांपलीकडे, इतक्या फाईलींत पोलीस अहवाल नाही. आकडे दिसले की एका पत्राने सगळ्या पोलीस ठाण्यांना स्मरण जातं. एखाद्या आदेशाविरुद्धच जायचं असेल तर ३० दिवसांत अपील करता येतं. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांचं अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातं, बाकीचं बाल न्यायालयात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

माहितीचा अधिकारही वापरा, पण एकट्या मुलाच्या फाईलसाठी नको. बैठकीचे दिवस, प्रलंबित प्रकरणांची संख्या, तिमाही अहवालाची प्रत मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये.

अधिकाऱ्यांशी भांडण टाळा. कक्षात माणसं कमी असतात आणि जिल्हा मोठा. गृहभेटीला गाडी नाही म्हणून अहवाल राहिला असेल, तर तुम्ही त्या गावाला सोबत जाऊ शकता का ते बघा.

सोळा पूर्ण झालेली मुलं

यांच्यासाठी वेळ कमी आहे, म्हणून दोन कामं एकत्र चालवा. एकीकडे नातेवाईकांचा शोध पुन्हा सुरू करा. दहा वर्षांपूर्वी नकार दिलेला मामा आता स्थिरावलेला असतो. दुसरीकडे कागद पूर्ण करा: जन्मतारखेचा पुरावा, आधार, बँक खातं, रहिवास दाखला, पात्र असेल तर जातीचा दाखला आणि अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण आहे, आणि ते मिळतं या प्रमाणपत्रावरच. मूल संस्थेत असताना त्याची फाईल, प्रवेश नोंद आणि समितीचे आदेश एका जागी असतात. अठरानंतर तीच कागदपत्रं मिळवायला त्या मुलाला कामावरची रजा टाकून चकरा माराव्या लागतात.

अठरा पूर्ण झाल्यावर अनुरक्षण सेवा (संस्था सोडल्यानंतरचा आधार) २१ वर्षांपर्यंत, विशेष परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकते आणि मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. अर्ज वाढदिवसाच्या तीन-चार महिने आधी द्या. त्याच काळात एक माणूस नक्की करा, ज्याच्याकडे हे मूल आजारपणात, सणाला, नोकरी सुटल्यावर जाऊ शकेल. माजी शिक्षिका, संस्थेतल्या निवृत्त काळजीवाहक ताई, मित्राची आई, कुणीही चालेल. तिच्याशी मुलासमोर बोला, फोन नंबर काळजी आराखड्यात लिहा.

घरी गेल्यानंतर

फाईल बंद करायची घाई करू नका. पहिला फोन तिसऱ्या दिवशी, पहिली भेट पंधरा दिवसांत, मग सहा महिने दर महिन्याला. दत्तक गेलेल्या मुलाचा पाठपुरावा तसाही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी व्हायचा असतो. भेटीत तीन गोष्टी बघा: मूल शाळेत जातंय का (हजेरीपट स्वतः पाहा), योजनेचे पैसे खात्यात आले का, आणि मूल तुमच्याशी दाराबाहेर एकट्याने बोलायला तयार आहे का. शाळेचा प्रवेश बहुधा दाखला न पोहोचल्याने अडतो. तो मुलाच्या हाती न देता तुम्ही स्वतः नव्या शाळेत पोहोचवा. पैसे तीन महिने आले नाहीत तर कक्षात जा, आईला तालुक्याला पाठवू नका. आणि घर मोडायला लागलंय असं दिसलं, तर आधी त्या घराला आधार मागा: समुपदेशन, रेशन, आईसाठी उपचार. मूल उचलून परत संस्थेत आणण्याचा अर्ज त्यानंतर, आणि तोही मुलाशी बोलूनच करा.